गॅस संपत नसतो हो!

एसीतला गॅस संपत नाही. आधीही सांगून झालंय, तरी परत लिहितोय. कारण मार्च संपत आला की नंदुरबार-शहाद्याकडून फोन सुरू होतात आणि दर वर्षी तेच वाक्य ऐकू येतं. "एसी थंडच करत नाहीये रे. मेकॅनिक म्हणतोय गॅस संपला, अडीच हजार सांगतोय. देऊ का?" (मी सॉफ्टवेअरवाला. पण नातेवाइकांच्या मते ज्याला प्लग आहे ते सगळं माझं खातं.)

नका देऊ. निदान एक प्रश्न विचारल्याशिवाय तरी नका देऊ: गॅस गेला कुठे?

गाडीतलं पेट्रोल जळतं म्हणून संपतं. स्वयंपाकाच्या सिलिंडरमधला गॅस जळतो म्हणून संपतो. एसीतला गॅस जळत नाही, झिजत नाही, शिळाही होत नाही. तो एका बंद नळीत गोल गोल फिरत असतो. खोलीतल्या कॉइलमध्ये उकळून उष्णता उचलतो, बाहेरच्या कॉइलमध्ये पुन्हा द्रव होऊन ती टाकून देतो. विहिरीतलं पाणी मोटर वर आणते तशी खोलीतली उष्णता कॉम्प्रेसर बाहेर आणतो, म्हणून या यंत्राला हीट पंप म्हणतात. (बाजारात 'हॉट अँड कोल्ड' म्हणून मिळतो त्यात एक जादा व्हॉल्व्ह असतो, त्याने फेरा उलटा फिरतो आणि थंडीत तोच पंप बाहेरची उष्णता आत आणतो. बाकी सगळं तेच.) या फेऱ्यात गॅस खर्च होण्याची जागाच नाही. कमी झाला असेल तर नळीला कुठेतरी भोक आहे. तिसरी शक्यता नाही.

पटत नसेल तर स्वयंपाकघरात जा. फ्रिजमध्येही हाच फेरा, हाच कॉम्प्रेसर. फ्रिज पंधरा-पंधरा वर्षं चालतो. त्यात दर उन्हाळ्यात गॅस भरणारा माणूस कधी पाहिलाय? मग एसीनेच काय पाप केलंय?

पाप जोडणीत आहे. फ्रिज कारखान्यातूनच कायमचा झाळून, बंद होऊन येतो. स्प्लिट एसी दोन तुकड्यांत येतो आणि ते तुकडे तुमच्या घरी, शिडीवर उभं राहून, तांब्याच्या नळीचं तोंड फुलवून, नटांनी जोडले जातात. असे साधारण चार जोड. नळीचं तोंड नीट फुलवलेलं नसलं, नट कमी आवळला किंवा जास्त आवळून तांबं चिरलं, की तिथून गॅस झिरपतो. महिन्याला थोडा थोडा, आवाज न करता. म्हणजे "दर वर्षी गॅस भरावाच लागतो हो" असं जे ठामपणे सांगितलं जातं, त्याचा खरा अर्थ "आमच्यातल्याच कुणीतरी नट नीट बसवला नव्हता आणि आम्ही तो आजही बघणार नाही" असा आहे. कधी दोष कॉइलमध्येच असतो, तांबं आतून किडतं, बारीक छिद्रं पडतात. पण ते बघायचं नटांनंतर.

आमच्या धंद्यात याला मेमरी लीक म्हणतात. प्रोग्राम मेमरी घेत राहतो, सोडत नाही, सर्व्हर दमतो. त्यावर एक सोपा उपाय असतो, रोज रात्री सर्व्हर रीस्टार्ट करायचा. सकाळी सगळं छान! जो इंजिनियर हे 'सोल्यूशन' म्हणून क्लायंटला विकतो आणि दर वर्षी त्याचं बिल लावतो त्याला आम्ही काय म्हणतो ते इथे लिहीत नाही. गळती न शोधता गॅस भरणारा नेमकं तेच करतोय. फरक इतकाच की रीस्टार्टने सर्व्हर मरत नाही, आणि अर्धवट गॅसवर चालून चालून कॉम्प्रेसर मरतो. परत येणाऱ्या थंड गॅसनेच तो स्वतः गार राहतो. गॅस कमी, तर गारवा कमी. शिवाय गळतीतून गॅसबरोबर तेलही बाहेर येतं (नटाभोवती तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसला तर गळती बहुतेक तिथेच). गॅस वरून भरला जातो, तेलाचं कुणी नावही काढत नाही.

आता 'तपासणी'कडे येऊ. खरा राग मला तिचाच आहे. मेकॅनिक येतो, आउटडोअरला गेज लावतो, काटा बघतो, मान हलवतो. "प्रेशर कमी आहे साहेब." आपण काट्याकडे असं बघतो जणू तो ईसीजी आहे.

अहो, प्रेशरवरून गॅस किती आहे ते कळत नाही! बंद यंत्रात द्रव आणि वाफ एकत्र असतील तर दाब ठरतो फक्त तापमानावरून. आर-३२ गॅसचा एसी बंद करून ४० अंशाच्या उन्हात ठेवा, गेज सुमारे ३४५ पीएसआय दाखवेल. आत नऊशे ग्रॅम असो की चारशे, आकडा तोच. द्रवाचा शेवटचा थेंब उडाल्यावरच काटा खाली येतो. तुमच्या स्वयंपाकाच्या सिलिंडरचंही हेच. संपायच्या आदल्या दिवसापर्यंत शेगडी तशीच पेटते. म्हणून तर सिलिंडर वजनावर विकतात, १४.२ किलो, आणि शंका आली तर आपण काट्यावर ठेवायला लावतो.

यंत्र चालू असताना दाब काहीतरी सांगतो, पण एकटा नाही. बाहेर किती ऊन, खोली किती गरम, फिल्टर स्वच्छ आहे का, पंखा पूर्ण फिरतोय का, या सगळ्यांवर तो वरखाली होतो. जुन्या आर-२२ वर एकाच वेगाने चालणाऱ्या यंत्रात 'साठ-सत्तर म्हणजे ठीक' हा ठोकताळा चालून गेला. आर-३२ आणि आर-४१०ए यांत तोच आकडा १२० च्या आसपास किंवा वर असतो. आणि इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसर स्वतःचा वेग बदलत असतो, म्हणजे काटा क्षणाक्षणाला वेगळा. ज्याला खरंच मोजायचंय तो दाबाबरोबर नळीचं तापमानही घेतो आणि दोन्हींतून हिशेब काढतो. तुमच्याकडे आलेल्या मेकॅनिकच्या पिशवीत थर्मामीटर होता का? माझ्या पाहण्यात आजवर एकाच्याच होता.

त्यात आपला जिल्हा. मे महिन्यात तापीकाठी पारा ४३-४४ च्या घरात असतो. एसीची टनेज आणि स्टार मोजतात ते बाहेर ३५ अंश धरून. त्यापुढे प्रत्येक अंशाला यंत्राची ताकद कमी होते आणि खोलीत शिरणारी उष्णता वाढते. आबांच्या वरच्या मजल्याची स्लॅब दिवसभर तापून रात्री बारापर्यंत भट्टीसारखी आत धग टाकते (जुनी धाब्याची घरं या बाबतीत फार शहाणी होती). तिथे दुपारी चारला दीड टनाचा एसी २४ वर पोचत नाही, २७ वर घुटमळतो. त्याला गॅस संपला म्हणत नाहीत, त्याला मे महिना म्हणतात.

बाहेरच्या कॉइलवर हात फिरवून बघा. नंदुरबारात मिरचीच्या पथारींची धूळ, शहाद्याकडे जिनिंगचा कापूस, रस्त्याची माती, सगळं तिथे जाऊन बसतं. उष्णता बाहेर पडायलाच जागा नाही, मग आत थंड कसं होणार? पाण्याच्या पाइपने ती जाळी धुणं हा अर्ध्या तासाचा उपाय आहे (आधी मेन स्विच बंद!). उन्हात कपॅसिटर कमजोर होतात, पंखा रेंगाळतो. दुपारी व्होल्टेज पडतं, कॉम्प्रेसर उचलतच नाही. या चारही गोष्टी आत बसलेल्या माणसाला सारख्याच दिसतात, 'थंड होत नाही'. आणि चारींवर उत्तर एकच मिळतं. गॅस.

आणखी एक खास आपल्याकडची गंमत. "जाड पाइपला घाम येत नाहीये, बघा, म्हणजे गॅस कमी." मुंबईत ही खूण बऱ्यापैकी चालते. पण आपल्याकडे मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की चांगल्या थंड पाइपलाही घाम फुटत नाही. हवेत पाणीच नाही तर पाइपवर कुठून येणार? खरी खूण उलटी आहे. बाहेरच्या युनिटपाशी बारीक पाइपवर बर्फ धरत असेल, किंवा आतल्या कॉइलचा एक कोपरा गोठतोय आणि बाकी कॉइल कोमट आहे, तर गॅस कमी असण्याची दाट शक्यता. सगळी कॉइलच बर्फाने भरली असेल तर आधी फिल्टर धुवा. आणि साधा थर्मामीटर घेऊन आत जाणारी हवा आणि बाहेर येणारी हवा मोजा. पंधरा-वीस मिनिटं चालल्यावर दहा-बारा अंशांचा फरक पडत असेल तर गॅसवाल्याला चहा पाजून परत पाठवा.

जास्त गॅसचा त्रास तर कुणी सांगतच नाही. काटा 'बरोबर' येईपर्यंत भरत गेलं आणि मुळात दोष घाणेरड्या फिल्टरचा होता, तर यंत्रात गॅस जादा होतो. संध्याकाळी भरला तेव्हा छान चालला. दुसऱ्या दिवशी दुपारी ४४ अंशांत बाहेरच्या कॉइलमधला दाब चढतो, कॉम्प्रेसर ट्रिप होतो, आणि पुन्हा फोन. पुन्हा भेट, पुन्हा बिल.

गळती खरीच असेल तर काम काय असतं तेही सांगतो, म्हणजे तुलना करता येईल. उरलेला गॅस रिकव्हरी यंत्राने सिलिंडरमध्ये काढून घ्यायचा. नळीत नायट्रोजन भरून दाब द्यायचा आणि जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधायचे. (ऑक्सिजन कधीच नाही. दाबाखालचा ऑक्सिजन आणि आतलं तेल यांचा स्फोट होतो. वेल्डिंगचं सिलिंडर हाताशी आहे म्हणून ते लावणारा दिसला तर त्याला तिथेच थांबवा, यात माणूस मरतो.) गळती दुरुस्त करायची. मग व्हॅक्यूम पंप लावून नळीतली हवा आणि ओल काढायची, पंप बंद करून व्हॅक्यूम टिकतोय का बघायचं. आणि शेवटी यंत्राच्या पट्टीवर छापलंय तितक्या ग्रॅम गॅस वजनकाट्यावर मोजून भरायचा. दोन-तीन तासांचं काम आहे. 'टॉप-अप' वीस मिनिटांत होतो.

आर-४१०ए मध्ये तर दोन गॅस निम्मे-निम्मे असतात, सिलिंडरमधून वाफ न घेता द्रवच भरावा लागतो, नाहीतर प्रमाण बिघडतं. आणि आर-३२ पेट घेऊ शकतो. बंद खोलीत विडी ओढत हे काम करायचं नसतं.

कुणी म्हणेल, जाऊ दे ना, गॅस गेला तर गेला, पैसे आपले. नाही, हवा सगळ्यांची आहे. आर-४१०ए चा एक किलो हवेत सोडला तर शंभर वर्षांच्या हिशेबाने तो २०८८ किलो कार्बन डायऑक्साइडइतकं तापवतो. म्हणजे साधारण नऊशे लिटर पेट्रोल. ४५ चं ॲव्हरेज देणारी मोटरसायकल तेवढ्यात चाळीस हजार किलोमीटर जाईल, पृथ्वीला एक चक्कर. आर-२२ चा आकडा १८१०, वर तो ओझोनही खातो, म्हणून १९८७ च्या माँट्रियल कराराखाली तो मोडीत निघतोय. आर-३२ बरा, पण ६७५ म्हणजे शून्य नव्हे. भारताने किगाली दुरुस्तीला २०२१ मध्ये मान्यता दिली, २०१९ च्या कूलिंग ॲक्शन प्लॅनमध्ये एक लाख मेकॅनिकांना प्रशिक्षण द्यायचं लिहिलं. कागद चांगले आहेत. पण त्या कागदांचा शेवट होतो आपल्या गच्चीवर, जिथे कुणीतरी उरलेला गॅस फुस्सकन सोडून देतो.

आता मेकॅनिकची बाजू, कारण सगळा दोष त्याच्या गळ्यात मारणं मला मान्य नाही. तो बहुतेक वेळा बावीस-पंचवीसचा पोरगा असतो, आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड केलेला किंवा कुणाच्या तरी हाताखाली शिकलेला. त्याला पैसे भेटीमागे मिळतात. नायट्रोजनचं सिलिंडर मोटरसायकलवर कसं आणणार? दोन तास गळती शोधली तर त्याचे पैसे द्यायला आपण तयार नसतो. "नुसतं बघायचे पाचशे?" असं म्हणणारे आपणच, आणि 'गॅस' म्हटलं की अडीच हजार मुकाट्याने काढून देणारेही आपणच. वस्तूचे पैसे देतो, शोधण्याच्या अकलेचे देत नाही. मग तो शहाणा माणूस वस्तूच विकणार. सॉफ्टवेअरमध्ये असून मला हे कळायला हवंच, आमची निम्मी फी बग शोधण्याचीच असते :-)

कॉन्ट्रॅक्टवाल्यांना मात्र ही सवलत नाही. 'वर्षातून एकदा मोफत गॅस टॉप-अप' अशी जाहिरात म्हणजे लेखी कबुलीच आहे की आम्ही जोडलेलं यंत्र गळणार. तसं कॉन्ट्रॅक्ट घेऊच नका. त्याऐवजी बसवतानाच व्हॅक्यूम पंप लावायला आणि जोडांवर साबणपाणी लावून दाखवायला सांगा. बसवणारा कुरकुरेल, कुरकुरू दे.

आणि फोन करणाऱ्या सगळ्या काका-मामांना एक विनंती. बिलावर 'गॅस चार्जिंग' एवढंच असेल तर घेऊ नका. गळती कुठे सापडली, कोणता गॅस, किती ग्रॅम, तारीख, असं लिहून घ्या आणि आउटडोअरच्या झाकणावरही मार्करने तेच लिहून ठेवा. मार्केट यार्डात मिरचीचं पोतं काट्यावर न ठेवता नुसतं डोळ्यांनी बघून कुणी भाव लावला तर तुम्ही त्याला उभं करणार नाही. हा गॅस किलोच्या हिशेबाने मिरचीपेक्षा महाग आहे. मेकॅनिक म्हणाला, "साहेब, काटा नाही आणला," तर त्याला सांगा, उद्या घेऊन ये, आज कूलरवर झोपतो. या कोरड्या हवेत कूलर तसाही झकास चालतो.