भिंत कोणाची?

महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि गावोगावच्या वाचनालयांना शासकीय अनुदानाचा आधार मिळाला. आज राज्यात अशी सुमारे ११ हजार ग्रंथालये आहेत. ती जनतेच्या पैशावर चालतात. मग त्यांच्या भिंतींवर त्याच गावातील अपंग कलावंतांची चित्रे वर्षभर का दिसू नयेत?

३ डिसेंबरचा जागतिक अपंग दिन आला की काही ठिकाणी प्रदर्शने भरतात. पाहुणे येतात, शाल-श्रीफळ देतात, जिद्दीचे कौतुक करतात आणि निघून जातात. चित्राविषयी मात्र कोणी चकार शब्द काढीत नाही. ही कलेची कदर नव्हे, ही दया आहे. आणि दयेतून समता कधीच आलेली नाही.

शांतिनिकेतनचे बिनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टी जन्मापासून अधू होती. तरीही १९४६-४७ साली त्यांनी तेथील हिंदी भवनात मध्ययुगीन संतांचे भव्य भित्तिचित्र साकारले. पुढे पूर्ण अंधत्व आले, पण काम थांबले नाही. १९७२ साली कलाभवनात त्यांचे नवे भित्तिशिल्प उभे राहिले. प्रतिभा त्यांची होती. भिंत संस्थेने दिली होती. आपल्या गावात अशी प्रतिभा नसेल कशावरून?

अपंग कलावंतांना साहाय्य देण्याची जबाबदारी २०१६ च्या कायद्याच्या कलम २९ ने शासनावर टाकली आहे. कलम ४५ नुसार जुन्या सार्वजनिक इमारतीही पाच वर्षांत सर्वांना वापरता येतील अशा करावयाच्या होत्या. ती मुदत जून २०२२ मध्येच संपली. या काळात अपंगांना ‘दिव्यांग’ म्हणण्याची सरकारी रीत रूढ झाली. अनेक वाचनालयांचे जिने मात्र होते तसेच राहिले. चित्र माडीवर आणि चित्रकार चाकाच्या खुर्चीत खाली रस्त्यावर, हे कसले प्रदर्शन?

आपले अनेक कार्यकर्ते ग्रंथालयांच्या कार्यकारी मंडळांवर आहेत. त्यांनी पुढील बैठकीतच हा विषय मांडावा. प्रदर्शन तळमजल्यावर भरावे, निवड समितीत अपंग कलावंत असावेत, विक्रीचे पैसे कलावंताच्या हाती पडावेत, अंध रसिकांना स्पर्शाने अनुभवता येतील अशा कलाकृतीही असाव्यात. उतरत्या वाटेसाठी शासनाकडून स्वतंत्र निधी झगडून मिळवावा लागेल. परंतु मोकळी भिंत देण्यासाठी कोणत्याही अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही.