धूर सरासरीने छातीत जात नाही

संध्याकाळी विजेची मागणी एकदम वाढली की काही छोटी वीजकेंद्रे तेवढ्यापुरती सुरू केली जातात. त्यांना ‘पीकिंग प्लांट’ म्हणतात. वर्षातला बहुतेक काळ ती बंदच असतात, म्हणून वर्षाच्या हिशेबात त्यांचा धूर किरकोळ दिसतो. पण शेजारी राहणारा माणूस वर्षाच्या सरासरीने श्वास घेत नाही.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहरातल्या पोट्रेरो केंद्रात गॅसवरच्या मोठ्या संचाजोडीला डिझेलवर चालणारी तीन जुनी टर्बाइन होती, प्रत्येकी ५२ मेगावॅटची. अशी टर्बाइन झटकन सुरू होतात. मात्र प्रत्येक युनिटमागे इंधन जास्त जाळतात आणि नायट्रोजन ऑक्साइडही जास्त सोडतात. कडक उन्हात या वायूंपासून जमिनीलगत ओझोन तयार होतो. दम्याच्या रुग्णाला तो आधी भोवतो. केंद्राच्या दक्षिणेला बेव्ह्यू-हंटर्स पॉइंट ही कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांची वस्ती. वीज साऱ्या शहराला, धूर मात्र इथल्यांच्या वाट्याला.

केंद्र बंद करा म्हटले की उत्तर ठरलेले: वीज कमी पडेल. जुन्या संचांऐवजी नवी गॅस टर्बाइन बसवण्याचा प्रस्ताव शहर प्रशासनाने आणला. त्यालाही विरोध झाला. वीज बाहेरून आणता येते, तर भट्टी आमच्याच दारात का, हा विरोधकांचा प्रश्न होता. अखेर खाडीच्या तळातून ८५ किलोमीटर लांबीची, ४०० मेगावॅटची केबल आली. २०१० च्या अखेरीस ती सुरू झाली आणि २०११ च्या सुरुवातीला पोट्रेरो कायमचे बंद झाले. केबलमधली वीजही कुठेतरी तयार होतेच. तिथल्या धुराचा हिशेबही मागावा लागेल.

आपल्या मोहल्ल्यात असे केंद्र नसेल, पण लाइट गेली की मार्केटचा, हॉलचा, दवाखान्याचा डिझेल जनरेटर सुरू होतो. ‘तासाभराचाच तर प्रश्न आहे’, हे आपणही ऐकतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नियमाप्रमाणे २५० केव्हीए जनरेटरचे धुराडे इमारतीपेक्षा ३ मीटरहून अधिक उंच हवे. ते कुणाच्या खिडकीसमोर उघडते, हे दोस्तांनो, आजच पाहा. नियम मोडलेला असेल तर फोटोसह राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करा. आणि त्याच दिवशी वीज कंपनीलाही विचारा: आमच्याच फीडरची वीज वारंवार का जाते? धुराडे उंच झाले तर धूर दूर जाईल. वीज जाणे थांबले तर तो निघणारच नाही.