गोळा कोठून आला?

आमच्या अंथुर्ण्यात ज्वारी हुरड्यावर आली की पाखरे हाकायला गोफण फिरते. लहानपणी एकदा शेजारच्या रानातून सुटलेला धोंडा माझ्या पायाशी येऊन पडला. वडिलांनी धोंड्याकडे पाहिलेसुद्धा नाही. तो ज्या वाटेने आला तिकडे पाहून त्यांनी माळ्यावरच्या पोराला हाक मारली.

शत्रूची तोफ हुडकण्याचे शास्त्र याहून फार वेगळे नाही. पहिल्या महायुद्धात लॉरेन्स ब्रॅग या तरुण शास्त्रज्ञाने आघाडीच्या मागे मायक्रोफोन ओळीने मांडले. तोफेचा आवाज कोणत्या मायक्रोफोनला किती उशिरा ऐकू आला, यावरून तोफेची जागा काढली. आता रडार गोळ्याच्या वाटेचा थोडासा भाग टिपते, आणि संगणक तीच वाट उलटी मोजत तोफेपर्यंत जातो. मग आपल्या तोफांना नेमका मारा करता येतो.

परंतु 1999 साली कारगिलला आपल्या सैन्याजवळ लांब पल्ल्याच्या तोफा हुडकणारे रडार नव्हते. शत्रूजवळ होते, तेही अमेरिकी बनावटीचे. आपले जवान उघड्या कड्यांवर गोळे झेलत चढले. युद्धानंतर आपण अमेरिकेकडून रडार घेतले. देशी ‘स्वाती’ रडार सैन्याच्या हाती आले ते मार्च 2017 मध्ये. तेवढ्या अवधीत मी जन्मलो आणि चौथीपर्यंत शिकलोही!

“कला शाखेच्या पोराला रडारशी काय करायचे?” असे मित्र विचारतात. मित्रहो, रडार बनविणे आपले काम नव्हे, हे कबूल. पण देशाचा पैसा कशावर खर्च व्हावा, हे मतदार म्हणून आपणच सांगायचे आहे. संचलनात तोफ दिसली की आपण टाळ्या वाजवतो. तोफ हुडकणाऱ्या मुक्या यंत्राची आठवण मात्र माणसे गेल्यावर होते. इतिहासाच्या तासाला आपण लढायांच्या सनावळ्या पाठ करतो. लढणाऱ्याजवळ काय नव्हते, हे का विचारू नये? सैन्यात जाणारी मुले आपल्यासारख्याच घरांतली असतात.

माझ्या वडिलांना धोंड्याची वाट डोळ्यांनी दिसली. डोंगरापलीकडची तोफ जवानाला दिसत नाही. ती दिसण्याची सोय पहिला गोळा पडण्याआधीच करावी लागते.

— द्वितीय वर्ष, कला