बाटलीवर औशाचं नाव कधी येणार?

फेब्रुवारीत माझी रूममेट गावाकडून आली की हॉस्टेलच्या मजल्यावर बातमी पसरायला दोन मिनिटं लागतात. कारण तिच्यासोबत द्राक्षाचं खोकं असतं. ती औसा तालुक्यातली. तिच्या पप्पांची दीड एकर द्राक्षबाग आहे. यंदा खोकं रिकामं होत असताना एकीच्या मोबाईलवर नाशिकच्या एका वायनरीचं रील सुरू होतं. मोठ्या टबात द्राक्षं, त्यात उभे राहून ती पायांनी तुडवणारे पर्यटक, मागे संगीत. रूममेट ते बघत बघत म्हणाली, "आमच्या द्राक्षाची वाईन का नाही होत गं?"

प्रश्न साधाच होता, पण उत्तर शोधता शोधता मी नारायणगाव, विंचूर, मुंबईचं मंत्रालय असं फिरत थेट दक्षिण आफ्रिकेपर्यंत पोचले. हा लेख म्हणजे तेच उत्तर.

आधी द्राक्षाचं बघू

आपण खातो ती द्राक्षं बहुतेक थॉमसन सीडलेस, तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन या जातींची. मोठा मणी, पातळ साल, बी नाही. वाईनचं द्राक्ष याच्या बरोबर उलटं असतं. मणी लहान, साल जाड, आत बिया. शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्यो, सोव्हिन्यो ब्लां, शेनिन ब्लां ही त्यातली आपल्याकडे लागलेली नावं. तांबड्या वाईनचा रंग आणि तुरटपणा सालीतून येतो, म्हणून साल महत्त्वाची.

खायच्या द्राक्षाचं एकरी दहा-बारा टन उत्पादन निघालं की शेतकरी खूश असतो. वाईनच्या बागेत चांगला माल हवा असेल तर एकरी चार-पाच टनांवर मुद्दाम थांबावं लागतं. पण घड औषधात बुडवून मणी फुगवणं, विरळणी करणं ही कामं वाचतात. म्हणजे मजुरी कमी, मालही कमी. मग सगळं भावावर येऊन थांबतं, आणि भाव वायनरी ठरवते.

म्हणजे रूममेटच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर असं की पप्पांच्या बागेतल्या द्राक्षाची चांगली वाईन होणार नाही. त्यासाठी वेगळी जात लावावी लागेल, आणि ती लावली तर तो माल बाजारात खायला म्हणून विकता येणार नाही. वायनरीने पाठ फिरवली की संपलं. खायच्या द्राक्षाचा भाव पडला तर निदान बेदाणा करता येतो. वाईनच्या द्राक्षाला असा दुसरा दरवाजा नाही.

हे एकदा घडून गेलंय

महाराष्ट्रात वाईनचा धंदा उभा राहिला तो पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावात. शामराव चौगुले यांनी १९८०च्या दशकात फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने तिथे इंडाज ही कंपनी सुरू केली. नाशिकमध्ये राजीव सामंत यांच्या सुलाची पहिली वाईन २००० साली बाजारात आली. लगेच २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणलं. उत्पादन शुल्कात सवलत मिळाली, आणि नाशिक जिल्ह्यात विंचूरला व सांगली जिल्ह्यात पलूसला वाईन पार्क ठरले. नाशिक भागात वायनरींची रांग लागली. शेतकऱ्यांनी खायच्या द्राक्षाऐवजी वाईनच्या जाती लावल्या.

मग २००८ ची जागतिक मंदी आली आणि मुंबईवर २६ नोव्हेंबरचा हल्ला झाला. हॉटेलं रिकामी पडली, वाईनचा खप घसरला. वायनरींच्या टाक्या भरलेल्याच राहिल्या आणि पुढच्या हंगामाचा माल घ्यायला कुणी तयार होईना. कितीतरी शेतकऱ्यांनी उभ्या बागा उपटल्या, काहींनी त्याच खुंटांवर पुन्हा खायच्या द्राक्षाची कलमं केली. इंडाजही आर्थिक अडचणीत सापडून बंद पडली.

त्यातून सावरून धंदा पुन्हा वाढला. सुला डिसेंबर २०२२ मध्ये शेअर बाजारात आली. अकलूजची फ्रातेल्ली मोहिते-पाटलांसह तीन कुटुंबांनी मिळून उभी केलेली, तीही चालली. पण छोट्यांचं काय? नाशिकमधली यॉर्क ही गुरनानी कुटुंबाची छोटी वायनरी. तिच्या वाईनला नाव होतं. २०२१ मध्ये ती सुलाने घेतली. छोटं राहून टिकणं किती अवघड आहे, ते यातून कळतं.

'शेतकऱ्यांसाठी' म्हणजे कुणासाठी?

२७ जानेवारी २०२२ चा निर्णय तुम्हाला आठवत असेल. शंभर चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये वेगळ्या कपाटात वाईन विकायला महाविकास आघाडीच्या मंत्रिमंडळाने परवानगी दिली होती. कारण सांगितलं गेलं शेतकऱ्यांचं: वाईन फळांपासून बनते, खप वाढला तर शेतकऱ्याला भाव मिळेल. तेव्हा विरोधात असलेल्या भाजपने 'मद्यराष्ट्र' करायला निघालेत म्हणून टीका केली. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला. सरकारने लोकांचं मत मागवू म्हणत पाऊल मागे घेतलं, त्याच वर्षी जूनमध्ये सरकार बदललं आणि विषय बाजूला पडला.

त्या भांडणात दोन्ही बाजू शेतकऱ्याच्या नावाने बोलत होत्या. पण त्याला नेमकं किती मिळतं, हा हिशेब फार कमी जणांनी मांडला. आपण मांडून बघू.

७५० मिलीच्या एका बाटलीला साधारण एक ते सव्वा किलो द्राक्षं लागतात. समजा, भाव किलोला ५० रुपये आहे आणि बाटली ८०० रुपयांना विकली जाते. शेतकऱ्याच्या हातात आले ५०-६० रुपये. उरलेला सगळा वायनरीचा नफा नाही, हे खरं. त्यात बाटली, बूच, थंड टाक्यांची वीज, वाहतूक, दुकानदाराचं कमिशन आणि कर असं सगळं आहे. पण खप दुप्पट झाला म्हणून किलोचा भाव दुप्पट होत नाही. माल जास्त लागला तर वायनरी आणखी शेतकरी जोडते.

सरकारी मदतही बघा. वाईनवरच्या २० टक्के व्हॅटपैकी १६ टक्क्यांइतकी रक्कम वायनरीला परत देण्याची राज्याची योजना आहे. जानेवारी २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने ती पुढे चालू ठेवली. ही रक्कम वायनरीच्या खात्यात जाते. तिच्यातला काही वाटा वेलीपर्यंत पोचायचा की नाही, हे वायनरी आणि शेतकरी यांच्या करारावर अवलंबून. आणि करारात दीड एकरवाल्याचा आवाज किती असणार?

गव्हाच्या जिल्ह्यातली पोरं

इथे दक्षिण आफ्रिका कामाला येते. केपटाऊनच्या उत्तरेला स्वार्टलँड नावाचा भाग आहे. तो ओळखला जायचा गव्हासाठी, जसा आपला लातूर तूर आणि सोयाबीनसाठी. तिथेही द्राक्षं होती, पण ती सहकारी कारखान्यात जायची, सगळ्यांचा माल एकत्र व्हायचा आणि स्वस्त वाईन बनून निघायची. कोणाचं शेत, कोणती वेल, काही पत्ता नाही. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या केडब्ल्यूव्ही या बलाढ्य सहकारी संस्थेच्या हातात भावापासून लागवडीच्या कोट्यापर्यंत सगळं होतं. आपल्या साखर कारखान्यांची आठवण आली ना?

१९९२ मध्ये तो कोटा गेला. १९९४ मध्ये वर्णभेदी राजवट संपून देशाला जगाचा बाजार खुला झाला. मग एबेन सेडीसारखे तरुण स्वार्टलँडमध्ये आले. त्यांच्याकडे मोठं भांडवल नव्हतं. त्यांनी जुन्या बागा शोधल्या. शेनिन ब्लांच्या, मंडपाशिवाय झुडपासारख्या वाढलेल्या, पावसाच्या पाण्यावर जगणाऱ्या वेली. माल कमी, पण चव दाट. अनेकांनी स्वतःची वायनरी बांधली नाही. दुसऱ्याच्या तळघरात भाड्याने टाक्या घेतल्या, शेतकऱ्याकडून द्राक्षं विकत घेतली आणि बाटलीवर त्या जागेचं नाव लिहिलं.

रोझा क्रुगर यांनी देशभर फिरून जुन्या बागांची नोंद केली. त्यातून २०१६ मध्ये 'ओल्ड व्हाईन प्रोजेक्ट' उभा राहिला. ३५ वर्षांहून जुन्या बागेच्या वाईनवर आता शिक्का लागतो आणि त्यावर बाग कोणत्या साली लावली ते छापलेलं असतं. जी बाग माल देत नाही म्हणून उपटायला निघाले होते, तिचं वयच विकायची गोष्ट झालं. गंमत म्हणजे हेच शेनिन ब्लां नाशिकमध्येही पिकतं. फक्त आपल्याकडच्या बाटलीवर कंपनीचं नाव मोठं असतं आणि बागेचं नाव बहुतेक वेळा नसतंच.

पण थांबा, कॉपी-पेस्ट चालणार नाही

तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि द्राक्ष कोरड्या उन्हाळ्यात पिकतं. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी आणि मधे पावसाळ्यात डावण्या-भुरीची धास्ती. आपली बाग पंधरा वर्षांच्या आसपास थकते. ठिबकशिवाय तर मराठवाड्यात द्राक्षाचा विचारच नको.

पाण्याचा मुद्दा तर हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एप्रिल २०१६ मध्ये सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरच्या मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचं पाणी आलं. त्याच महिन्यात औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात करायचा आदेश दिला होता. दोनच वर्षांनी केपटाऊन शहरातले नळ कोरडे पडण्याची तारीख मोजली जात होती. मराठवाड्यात जालन्याजवळच्या कडवंचीने पाणलोटाची कामं आणि शेततळी यांच्या जोरावर द्राक्षं पिकवून दाखवली, हे खरं. पण तिथे आधी पाणी अडवलं, मग वेल लावली. क्रम महत्त्वाचा.

दुसरा मुद्दा दारूचाच. वाईन म्हणजे दारू नाही, हे वाक्य फसवं आहे. तिच्यातही साधारण १२-१४ टक्के अल्कोहोल असतं, म्हणूनच कायद्याने २१ वर्षांची अट आहे. दक्षिण आफ्रिकेच्या याच बागांमध्ये मजुरांना मजुरीचा काही भाग म्हणून वाईन पाजायची 'डॉप' पद्धत होती. कायद्याने बंदी आल्यावरही ती कितीतरी वर्षं चालली आणि तिचे घाव तिथल्या पिढ्या अजून सोसताहेत. आपल्या गावांतल्या बायका रांगा लावून आडव्या बाटलीला मतदान करतात, ते उगाच नाही. लहान उत्पादकांची बाजू मांडताना या बायकांना मागासलेलं ठरवलं, तर आपली बाजूच खोटी पडेल.

मग मागायचं काय?

मला वाटतं, सुपरमार्केटमध्ये वाईन मिळावी की नाही, हा शेतकऱ्याच्या दृष्टीने दुय्यम प्रश्न आहे. वायनरी टाकायला कोटींत पैसा लागतो. वर प्रत्येक राज्यात वेगळा परवाना, प्रत्येक लेबलची वेगळी नोंदणी आणि फी. एका वर्षात लाखो बाटल्या विकणाऱ्याला हे परवडतं, पाच हजार बाटल्यावाल्याला नाही.

त्यात बाहेरची स्पर्धा वाढतेय. परदेशी वाईनवर आपल्याकडे दीडशे टक्के आयात शुल्क आहे. पण ऑस्ट्रेलियासोबतचा करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झाला. त्यात पाच डॉलरवरच्या बाटलीचं शुल्क आधी शंभर टक्क्यांवर आणि दहा वर्षांत पन्नासवर यायचं आहे. भिंत हळूहळू उतरतेय. स्वस्त बाटलीच्या शर्यतीत आपला दीड एकरवाला टिकणार नाही. तो टिकलाच, तर गावाच्या नावावर आणि चवीवर टिकेल.

म्हणून पुढच्या वेळी कुणी 'मराठवाड्यात वाईन उद्योग' अशी घोषणा केली, तर टाळी वाजवण्याआधी किंवा निषेध करण्याआधी आपण तीन प्रश्न विचारू. पाच-दहा शेतकऱ्यांना मिळून टाक्या भाड्याने मिळतील का? करार किती वर्षांचा आणि कंपनीने माल नाकारला तर भरपाई कोण देणार? आणि पाणी कुठून येणार?

हे सगळं मी रूममेटला सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे सध्या खाऊनच संपवायची." तिच्या पप्पांनी यंदा बाग व्यापाऱ्याला दिली, पण निम्मे पैसे अजून यायचेत. एप्रिलमध्ये खरड छाटणी आहे. परीक्षा आणि छाटणी एकाच आठवड्यात आलीय, म्हणून ती पुस्तकं घेऊनच गावी चाललीय.