विश्लेषण : ज्युदोतला पुढचा बेल्ट डाव मोजून द्यावा का?

ज्युदोच्या क्लासमध्ये परीक्षा जवळ आली, की पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो : यलो झाला, आता ऑरेंज कधी? प्रश्न स्वाभाविक आहे. फी भरलेली असते आणि शेजारच्या मुलाच्या कमरेला ग्रीन बेल्ट दिसू लागलेला असतो. उत्तर मात्र बऱ्याचदा यादीवर येऊन थांबते. इतके थ्रो, इतक्या पकडी आणि त्यांची जपानी नावे पाठ झाली, की बेल्ट मिळाला. यादी लागतेच, पण खेळाडू किती पुढे गेला, हे तिच्यावरून कळत नाही.

रंगांची शिडी आली कुठून?

जिगोरो कानो या शिक्षकाने १८८२ मध्ये टोकियोत कोदोकान ही संस्था काढली. पुढच्याच वर्षी त्यांनी दोन शिष्यांना ‘शोदान’ म्हणजे पहिला डॅन दिला. यातल्या ‘शो’चा अर्थ आहे आरंभ. ब्लॅक बेल्ट मिळाला म्हणजे शिक्षण संपले, हा आपल्याकडचा (बहुधा चित्रपटांनी पसरवलेला) समज कानोंच्या हिशेबात उलटा आहे. पांढऱ्या आणि काळ्याच्या मधले बरेचसे रंग युरोपात रुजले. १९३०च्या दशकापासून पॅरिसमध्ये शिकवणाऱ्या मिकिनोसुके कावाइशी यांचा त्यात मोठा वाटा होता. लांबच्या वाटेवर टप्पे दिसले की विद्यार्थी टिकतो. लहान मुलांना तर ते हवेतच.

डाव ‘येतो’ म्हणजे नेमके काय?

कोदोकानच्या यादीत ६८ थ्रो आहेत. दाबून धरणे, गळा आवळणे आणि सांधा अडकवणे असे ३२ डाव वेगळे. प्रत्येक थ्रोचे तीन भाग पडतात : समोरच्याचा तोल मोडणे, स्वतः योग्य जागी शिरणे आणि मग फेकणे. जपानीत त्यांना कुझुशी, त्सुकुरी आणि काके म्हणतात. नवशिक्या थेट तिसऱ्यावर उडी मारतो. ‘सेओई नागे’ हा खांद्यावरून फेकण्याचा डाव, म्हणजे आपल्या धोबीपछाडीचा भाऊच. तोल न मोडता तो मारायला गेले की सारे ओझे पाठीवर येते, गुडघे लटपटतात आणि समोरचा मागे रेलून उभाच राहतो.

परीक्षेत हा दोष झाकला जातो, कारण जोडीदार मित्र असतो. तो स्वतःच उडी घेतो. मॅटवर मोठा आवाज होतो, टाळ्या पडतात.

तोल हातांना कळावा लागतो, डोळे त्यात नंतर येतात. दृष्टिबाधितांच्या ज्युदोत लढत सुरू होतानाच दोघांनी एकमेकांची पकड घेतलेली असते. २०२४च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये कपिल परमारने कांस्यपदक मिळवले ते याच प्रकारात. म्हणून परीक्षकाने डाव उभ्या पुतळ्यावर न पाहता चालत्या, सरकत्या जोडीदारावर पाहावा; शक्य तर ज्याच्याशी रोजचा सराव नाही अशा जोडीदारावर. त्यानंतर रांदोरी, म्हणजे मोकळी झटापट. तिथे ठरवलेला एक थ्रो साधणारा मुलगा दहा नावे धडाधड सांगणाऱ्यापेक्षा पुढे आहे. तालमीत कुणाच्या कमरेला रंगीत बेल्ट नसतो. कोण कुणाशी जोड धरतो, यावरून वस्तादाला सारे कळते.

घाई कुठे महागात पडते?

पडण्यात. ज्युदोत पहिला धडा उकेमीचा, म्हणजे पडण्याचा असतो. मागे पडताना हनुवटी छातीशी आणि नजर स्वतःच्या बेल्टच्या गाठीवर ठेवायची, म्हणजे डोके मॅटवर आपटत नाही. पाय मागून उडवणाऱ्या ‘ओसोतो गारी’त हे जमले नाही, तर डोक्याला गंभीर इजा होऊ शकते. जपानमध्ये १९८३ पासूनच्या सुमारे तीन दशकांत शालेय ज्युदोत शंभराहून अधिक मुलांचे जीव गेले, त्यांत डोक्याच्या दुखापती मोठ्या संख्येने होत्या. २०२२ मध्ये तिथल्या महासंघाने प्राथमिक शाळेतल्या मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धाच बंद केली; लहान वयातला जिंकण्याचा अतिरेकी हव्यास हे कारण त्यांनी दिले. ज्या देशाने हा खेळ जगाला दिला, त्याने हे पाऊल उचलावे, याची दखल आपल्याकडच्या क्लासचालकांनी घ्यायला हवी.

बढती द्यायची असेल तर आधी उकेमी पाहावी, तीही दमछाक झाल्यानंतर. ताजेतवाने असताना सगळेच नीट पडतात.

मग परीक्षा घ्यावी कुणी?

खरी अडचण इथे आहे. बेल्ट लांबला की पालक नाराज होतात, काही मुले क्लास सोडतात आणि प्रशिक्षकाचे उत्पन्न घटते. शिकवणारा, परीक्षेची फी घेणारा आणि निकाल देणारा एकच असेल, तर ‘अजून सहा महिने थांब’ हे वाक्य त्याच्या तोंडून निघणे अवघड. दुसऱ्या क्लबचा परीक्षक बोलावणे हा त्यावरचा स्वस्त उपाय आहे. येण्या-जाण्याच्या खर्चापलीकडे त्याला फारसे काही लागत नाही. पालकांनीही क्लास निवडतानाच विचारून घ्यावे : मागच्या परीक्षेत किती मुलांना थांबवले आणि का?