टोपलीचा परवाना

चतुर्थी जवळ आली की म्हापसा, फोंडा, मडगाव येथे माटोळीचा बाजार भरतो. सत्तरी, सांगे, काणकोणकडील बायका पहाटेच्या कदंब बसने टोपल्या घेऊन उतरतात आणि चिबूड, आंबाडे, तोरिंगे, सुपारीचे शिपटे मांडून रस्त्याच्या कडेला बसतात. पिकवणारी आणि घेणारा यांच्यामध्ये तिसरा कोणी नाही. तथापि या विक्रेतीला कायद्याच्या पुस्तकात स्वतःची अशी जागाच नाही.

अन्नसुरक्षेचा २००६ चा कायदा शेतकऱ्याला शेतातील मालापुरता मोकळा ठेवतो, हे योग्यच झाले. अडचण सुरू होते ती माल शहरात आल्यावर. पथविक्रेत्यांना हुसकावणीपासून संरक्षण देण्यासाठी केंद्राने २०१४ साली कायदा केला. हेतू स्तुत्य होता; पण त्याखालील प्रमाणपत्र हवे असेल तर आपणास उपजीविकेचे अन्य साधन नाही, अशी हमी द्यावी लागते. जिच्या घरी कुळागर किंवा भाजीचा मळा आहे, तिने ही हमी द्यावी कशी? खरे सांगावे तर प्रमाणपत्र नाही, खोटे सांगावे तर ते रद्द होण्याची भीती. मग उरतो तो सोपो. तो भरून मिळते ती त्या दिवसाची पावती, बसण्याचा हक्क नव्हे. आणि जेथे वसुली ठेकेदाराकडे असते, तेथे ठरल्यापेक्षा अधिक घेतल्याच्या तक्रारी काही नव्या नाहीत.

शेतकऱ्याच्या नावाखाली बेळगावचा घाऊक माल घेऊन व्यापारी बसतील, हा आक्षेप आम्हांला मान्य आहे. तेव्हा ओळख हवीच. त्यासाठी कृषी कार्ड पुरेसे आहे, असे कोणी सुचवील. सुचवणाऱ्याने एवढे ध्यानात घ्यावे की, एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव असते भाटकाराचे, कुळाचे, फार तर नवऱ्याचे. टोपली मात्र असते बाईच्या डोक्यावर. अखंड आंध्र प्रदेशात १९९९ साली रयतु बाजार सुरू झाले, तेव्हा शेतकऱ्यांची पडताळणी करून त्यांना ओळखपत्रे देण्यात आली. आपल्याकडे पंचायतीने पीक पाहून हंगामापुरता दाखला विनाशुल्क द्यावा, घरातील कोणाही व्यक्तीला तो चालावा आणि दाखलेवाल्यांसाठी पालिकेने बाजारात सोपोमुक्त जागा आखावी. सोले, लोणची, पापड यांची गोष्ट निराळी. तेथे नोंदणी असावीच.

केंद्राच्या कायद्यात दुरुस्ती होईल तेव्हा होवो. बाजारातील जागा आखणे पालिकांच्या हाती आहे, आणि त्याला दिल्लीची परवानगी लागत नाही.