ताटाच्या काठावरचे नाव

१/
जुन्या ताटांना सध्या नवे दिवस आले आहेत. कोल्हापुरातील बंगल्यांचे दिवाणखाने असोत वा नव्या धाटणीच्या खानावळी, भिंतीवर ओळीने टांगलेली पितळी, काशाची थाळी, एखादे तबक, निळ्या नक्षीची चिनी मातीची बशी आता नवलाची राहिलेली नाही. ही हौस वाईट नाही. मात्र तिच्यासोबत एक घातक सवय आली आहे. ताट भिंतीवर चढण्याआधी यंत्रावर घासले जाते आणि त्यावर कोरलेले नाव पुसले जाते. हे का थांबायला हवे, याचा हा धागा.

२/
भिंतीवर ताटे लावण्याची चाल परदेशी आहे, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. सतराव्या शतकात चिनी पोर्सिलेन ही युरोपातील राजेरजवाड्यांची चैन होती. लिस्बन येथील सांतोस राजवाड्यातील एका दालनाचे छत निळ्या-पांढऱ्या चिनी ताटांनी मढवलेले आहे. त्यांची संख्या २६० च्या घरात जाते. बर्लिनच्या शार्लोटेनबुर्ग राजवाड्यात १७०६ साली भिंतीच्या भिंती पोर्सिलेनने सजल्या.

३/
यामागचे कारण सरळ होते. तशी पांढरी, कठीण, नाजूक भांडी घडवण्याची विद्या तोवर युरोपाला अवगत नव्हती. जर्मनीतील माइसेन येथे तिचा पहिला कारखाना उभा राहिला तो १७१० मध्ये. जी वस्तू आपल्याला करता येत नाही आणि हजारो कोसांवरून जहाजाने येते, ती पंगतीत मांडण्यापेक्षा भिंतीवर लावणे अधिक मानाचे ठरले. तिथे ताट हे अन्नाचे पात्र न राहता सत्तेचे आणि व्यापाराचे चिन्ह झाले.

४/
पुढे इंग्लंडमध्ये चिनी मातीच्या भांड्यांवर छापील नक्षी उतरवण्याची युक्ती साधली आणि हीच हौस मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. १८९५ मध्ये डेन्मार्कमधील बिंग अँड ग्रेंडाल या कारखान्याने नाताळनिमित्त वर्ष घातलेली बशी काढली. दरवर्षी नवे चित्र काढायचे आणि जुना साचा मोडून टाकायचा, असा शिरस्ता पडला. जेवणासाठी नव्हे, केवळ संग्रहासाठी घडवलेल्या ताटांची परंपरा तिथून फोफावली.

५/
दख्खनला चिनी भांडी अपरिचित नव्हती. विजापूरच्या असार महालातील चिनी पात्रे आज गोलघुमटाजवळच्या संग्रहालयात पाहता येतात. नोव्हेंबर १६५९ मध्ये शिवाजी महाराजांनी घेईपर्यंत कोल्हापूरजवळचा पन्हाळा याच आदिलशाहीचा होता. गोव्यात पोर्तुगीज व्यापाराबरोबर आलेले पोर्सिलेन जुन्या घराण्यांच्या दालनांत आजही दिसते; चांदोर येथील ब्रागांझा वाडा हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण.

६/
कोल्हापूरचा दूरदेशीच्या शोभिवंत धातुकामाशी असलेला संबंध तर याहूनही कितीतरी जुना आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष निघाले. १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या वतीने सांकलिया आणि दीक्षित यांनी तिथे उत्खनन केले. प्रा. कुंदणगार यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तेथील कांस्यवस्तूंच्या साठ्यात समुद्रदेव पोसायडनची रोमन धाटणीची मूर्ती मिळाली, ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते.

७/
त्याच साठ्यात एक गोल चकतीही आहे, तिची चर्चा कमी होते. तिच्यावर पर्सियस आणि अँड्रोमेडा या ग्रीक कथेतील जोडीचे उठावचित्र आहे. रोमन जगात अशा उठावाच्या चकत्या मौल्यवान ताटांच्या मध्यभागी बसवत. तसली ताटे जेवणापेक्षा पाहुण्यांना दाखवण्यासाठीच असत. समुद्र ओलांडून सह्याद्रीच्या पूर्वेला आलेली ही वस्तू इतिहासाला बोलकी वाटते, कारण ती कुठे, कोणत्या थरात आणि कशासोबत मिळाली याची नोंद झाली. बाजारातून फिरत आली असती, तर ती केवळ एक सुंदर चकती उरली असती.

८/
आता समजाचा उरलेला अर्धा भाग. मराठी घरात भिंतीवर ताटे लावण्याची स्वतःची रीत होती. तिचे नाव मांडणी. स्वयंपाकघरातील दर्शनी भिंतीवर लाकडी किंवा लोखंडी फळ्या, त्यांवर उतरत्या क्रमाने डबे, तांबे, पेले आणि ताटाळ्यात उभी केलेली ताटे. सणापूर्वी ती सगळी उतरवायची, चिंचेने आणि राखेने लखलखीत करायची आणि पुन्हा तशीच चढवायची. दारातून आत पाऊल टाकणाऱ्याची नजर आधी तिथेच जाई.

९/
ही मांडणी म्हणजे शोभा होती, तशीच ती घरची पुंजीही होती. तांबे, पितळ आणि कासे यांना वजनावर किंमत होती. दुष्काळ, आजारपण, लग्न असा प्रसंग ओढवला की भांडे गहाण पडे किंवा मोडीत जाई. ‘मोडीत काढणे’ हा वाक्प्रचार आपण आता कोणत्याही निकामी गोष्टीसाठी सहज वापरतो. धातूचे भांडे नेमके याच वाटेने घराबाहेर जात असे. फळीवरच्या रिकाम्या जागेवरून घरची परिस्थिती शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळे.

१०/
या भांड्यांचे खरे वैशिष्ट्य त्यांच्या काठावर आहे. मराठी घरांत भांड्यावर नाव घालण्याची रीत खोलवर रुजलेली आहे. पूर्वी लहान छिन्नीने एकेक ठिपका ठोकून, पुढे विजेवर चालणाऱ्या यंत्राने. देणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव, गाव, प्रसंग, तारीख. ‘सप्रेम भेट’ हे दोन शब्द तर जवळजवळ ठरलेलेच. पंगतीसाठी गावभर फिरणारे भांडे ज्याचे त्याच्या घरी परतावे, ही त्यातली व्यवहाराची सोय.

११/
इतिहासाच्या अभ्यासकासाठी मात्र ही ओळ म्हणजे छोटासा लेखच आहे. एका ताटावरून दोन घराण्यांची सोयरीक कळते, दोन गावांचे नाते कळते, लग्नाचे साल कळते. अक्षरांच्या वळणावरून आणि कोरण्याच्या तऱ्हेवरून काळाचा अंदाज बांधता येतो. आडनावाच्या जागी केवळ गावाचे नाव असेल, तर तेही काही सांगते. अशी पन्नास ताटे एकत्र वाचली, तर एखाद्या पेठेतील लेकी कोणत्या गावांत दिल्या गेल्या याचा नकाशा तयार होऊ शकेल.

१२/
त्याहून महत्त्वाची गोष्ट बायकांच्या नावांची. जमिनीच्या जुन्या कागदांत बाईचे नाव क्वचितच सापडते. हिंदू उत्तराधिकार कायदा आला १९५६ मध्ये, आणि त्यानंतरही सातबाऱ्यावर तिचे नाव चढायला पुष्कळ काळ जावा लागला. माहेरून आलेल्या भांड्यावर मात्र तिचे नाव असे. अनेक स्त्रियांच्या बाबतीत त्यांच्या मालकीचा लेखी पुरावा म्हणून उरलेली वस्तू म्हणजे एक ताट, एक तांब्या, एखादी परात. ते नाव घासून टाकणे ही नुसती साफसफाई नव्हे.

१३/
कोल्हापूरच्या शिलाहारांचे ताम्रपट आपण आदराने वाचतो. तांब्याच्या पत्र्यावर दान देणाऱ्या राजाचे नाव, घेणाऱ्याचे नाव, गाव, तिथी. घरच्या ताटावरच्या ओळीची रचना याहून फार वेगळी नाही: कोणी दिले, कोणाला दिले, कधी आणि कशासाठी. एक राजाचे दान, दुसरा मामाचा आहेर. पहिल्याची मुद्रा जपायची आणि दुसऱ्याचे अक्षर घासायचे, यात इतिहास म्हणजे फक्त राजांचा, ही जुनी समजूतच डोकावते.

१४/
ताटे मांडणीवरून उतरली कशी? स्टेनलेस स्टील आले. त्याला कल्हई लागत नाही, चिंच लागत नाही. कल्हईवाल्याची हाळी बंद झाली आणि कल्हईविना पितळेत आंबट पदार्थ वाढणे अवघड झाले. एकत्र कुटुंबे विभागली, वाडे पाडून सदनिका उभ्या राहिल्या. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगेचे पाणी घराघरांत शिरले. माळ्यावरचे जड गाठोडे सांभाळणे परवडेना, आणि ते काट्यावर वजनाने गेले.

१५/
काट्यावर गेलेल्यातील थोडी ताटे वितळण्यापासून वाचतात आणि सजावटीच्या बाजारात येतात. तिथे मागणी चकाकीला आहे. खरे तर रोजच्या घासण्यानेही अक्षरे झिजतातच. पण ती झीज अनेक वर्षांच्या जेवणांची असते, वापराचाच तो इतिहास असतो. फिरत्या चाकावर तेच काम काही मिनिटांत उरकते. त्यावर लाखेचा थर बसतो, टांगण्यासाठी काठाला भोक पडते, आणि कोणाच्या तरी लग्नातले ताट ‘अँटिक पीस’ होते.

१६/
याउलट उदाहरण पुण्यात आहे. दिनकर गंगाधर केळकर यांनी १९२० च्या सुमारास जुन्या घरगुती वस्तू जमवण्यास आरंभ केला. दिवे, अडकित्ते, दारे, भांडी. ज्यांना त्या काळी कोणी इतिहास म्हणत नव्हते, अशा वस्तू त्यांनी गावोगाव हिंडून मिळवल्या. अकाली गेलेल्या मुलाच्या स्मरणार्थ उभारलेला हा राजा दिनकर केळकर संग्रह त्यांनी १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या हाती दिला. आज त्यात २० हजारांवर वस्तू आहेत. अडकित्ता संग्रहालयात शोभतो, हे महाराष्ट्राला त्यांनी शिकवले.

१७/
मग सगळी ताटे संग्रहालयातच द्यावीत का? तसे म्हणणे अव्यवहार्य आहे. कोल्हापूरच्या टाउन हॉलमधील वस्तुसंग्रहालयाला किंवा कोणत्याही संग्रहालयाला घरोघरची परात ठेवून घेता येणार नाही. शिवाय गरजेपोटी भांडे विकणाऱ्याला इतिहासाचे प्रवचन ऐकवण्याचा अधिकार कोणालाच नाही. म्हणूनच घरची भिंत ही ताटासाठी चांगली जागा आहे. वितळण्यापेक्षा टांगणे केव्हाही बरे. प्रश्न फक्त टांगण्याच्या रीतीचा आहे.

१८/
रीत साधी आहे. ताटाला भोक पाडू नये. काठ धरणारी तारेची पकड बाजारात मिळते. यंत्रावर घासू नये. टांगण्यापूर्वी दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत. कोरलेली अक्षरे पुसट असतील तर तिरप्या उजेडात घ्यावीत, ती उठून दिसतात. वजन, व्यास, कोणाकडून मिळाले, कोणत्या गावचे, घरातील वडीलधारे काय सांगतात, हे सारे एका कागदावर लिहून तो ताटामागे पाकिटात ठेवावा. विकायचे ठरले, तरी छायाचित्राला पैसे पडत नाहीत.

१९/
चिनी मातीच्या बशीची मागची बाजू तर तिची जन्मपत्रिकाच असते. कारखान्याची खूण, देशाचे नाव, कधी नक्षीचा क्रमांक. अमेरिकेने १८९१ पासून आयात मालावर देशाचे नाव सक्तीचे केले. त्यामुळे ‘इंग्लंड’ असे छापलेली बशी बहुधा त्यानंतरची, हा साधा ताळा बाजारात फसवणूक टाळतो. भिंतीवर लावताच नेमकी हीच बाजू दिसेनाशी होते. म्हणून तिचे छायाचित्र आधी.

२०/
कायद्याचीही जाण हवी. पुरावस्तू आणि बहुमोल कलाकृती अधिनियम, १९७२ हा एप्रिल १९७६ पासून लागू आहे. त्यानुसार किमान १०० वर्षे जुनी, गतकाळातील कला, कारागिरी वा चालीरीती दाखवणारी वस्तूही पुरावस्तू ठरू शकते. अशा वस्तूंचा व्यापार करण्यास परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. परदेशी स्थायिक झालेल्या मुलाच्या भिंतीसाठी पणजीचे ताट पेटीत भरण्यापूर्वी हे तपासावे.

२१/
कोल्हापूर संस्थानचे दप्तर पुराभिलेखागारात जपलेले आहे. दरबाराने काय केले, ते तिथे सापडेल. शुक्रवार पेठेतील एखाद्या घरात कोणत्या साली कोणत्या गावाहून सून आली, तिला काय मिळाले आणि तिचे नाव काय, हे त्या दप्तरात शोधून सापडेलच असे नाही. ते माळ्यावरच्या गाठोड्यात असण्याची शक्यता अधिक आहे, आणि ते वाचण्यासाठी मोडी लिपी येण्याचीही बहुतेकदा गरज नाही.

२२/
येत्या दिवाळीच्या सफाईत माळा उघडेल. भंगारवाल्याचा काटा दारात येण्याआधी एक दुपार काढावी, आजीला शेजारी बसवावे आणि एकेक ताट हातात घेऊन काठावरची ओळ मोठ्याने वाचावी. ज्या नावांवर ती थांबेल, ती लिहून घ्यावीत. त्यानंतर ताट भिंतीवर जावो, मांडणीवर जावो किंवा मोडीत जावो.